घरच्या बातमीत माझं नाव

१४ नोव्हेंबर १९९३, ओतूर

आज पुन्हा तेच. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन दुपारी चारला, आणि दत्तूभाऊंनी बातमी सकाळीच लिहून मोकळी केली. 'टाळ्यांच्या कडकडाटात' वगैरे सगळं. म्हटलं, भाऊ, टाळ्या अजून वाजायच्यात. तर म्हणाले, "सरोजताई, पाकीट बाराच्या गाडीला गेलं न्हाई तर बातमी परवा येनार. आन परवा ती कोन वाचनार? टाळ्या काय, वाजत्यातच."

पाकीट पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं, तिकडे पेपरचा माणूस स्टँडवर येऊन घेतो. म्हणून द.भाऊ निमंत्रणपत्रिका समोर ठेवतात आणि तिच्यावरची सगळी नावं 'यावेळी उपस्थित होते'मध्ये बसवून टाकतात. माणूस येवो न येवो. हे सगळं स्वतःच्या सायकलच्या दुकानात, पंक्चर काढता काढता. मी त्यांच्या हाताखाली शिकतेय ते हे. ओतूरची पहिली बाई वार्ताहर म्हणे!

बापूजींना माझी बातमीदारी पसंत नाही. कापड-दुकानदाराच्या मुलीला कशाला हव्यात लष्कराच्या भाकऱ्या, म्हणतात. पण स्वतः पेपर वाचणार ते हातात पेन्सिल घेऊन. घरच्या कार्याच्या बातमीत फुफाजींचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, नाव राहिलं, बापूजी टोपी घालून थेट द.भाऊंकडे. आजारी मामांना 'उपस्थित' छापलं, तरी टोपी. दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा हवाच. बापूजींची टोपी रस्त्यात दिसली की द.भाऊ हातातला पंप खाली ठेवतात.

२८ नोव्हेंबर

य. आळेफाट्याला भेटला. यशवंत मंचरहून एवढ्या लांब नुसता चहा प्यायला येतो, हे कोणाला पटेल? तो मराठ्याचा, आम्ही जैन. घरी सांगायचं कसं? आज नको. संक्रांत होऊ दे.

९ जून १९९४, मंचर

झालं एकदाचं. पुण्यात सह्या केल्या, संध्याकाळी मंचर. धास्ती लग्नाची नव्हतीच, घरी सांगण्याची होती. तीही परवा संपली. हलकं वाटतंय, खोटं कशाला लिहू.

दिवेलागणीला संजू माझ्या कपड्यांची बॅग घेऊन आला. धाकटा भाऊ, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. बापूजी दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले म्हणे, "आजपास्नं आपल्या घरच्या कुठल्याबी बातमीत तिचं नाव येता कामा नये." बस. ना शिवी, ना शाप. पेन्सिल घेऊन पेपर वाचणाऱ्या माणसाची शिक्षाही तसलीच.

मग मात्र रडले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "रड की. पन ओतूर काय उठून गेलं न्हाई कुटं. एष्टी हाये."

३ सप्टेंबर १९९६, मंचर

परवा निघायचं. य.ला इंग्लंडात नोकरी, कॉम्प्युटरची. लग्नानंतर पुण्याच्या पेपरच्या कचेरीत नोकरी लागली होती, तिचा राजीनामा दिला. तिथे माझ्या टेबलापासून दोनच टेबलं पुढे संपादकांची खोली होती. आता काय, शून्यापासून.

आळेफाट्याला बाईला भेटले. आमच्यात आईला बाईच म्हणतात. घरी सांगून आली होती! "म्हनलं, आळ्याला जाऊन येते. कशाला ते त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." म्हणजे बापूजींना कळलं होतं. न विचारणं ही त्यांची रीतच आहे.

खाकऱ्यांचा डबा दिला. ओतूरची गाडी समोरच लागली होती, निम्मी रिकामी. ती चढली, मी नाही. खिडकीतून म्हणाली, "तिकडं जाऊन मोठी बातमीदार हो. मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी १९९८, लेस्टर

इंग्रजी पेपरांनी दारातूनच वाटेला लावलं. 'इथला अनुभव' नाही. शेवटी आपल्याच लोकांचं एक साप्ताहिक. मालक गुजराती, काम सगळं माझं. आज मंदिरातल्या कार्यक्रमाची बातमी लिहिली. मालकांनी वाचली, चष्मा कपाळावर चढवला. "सरोजबेन, नावं कुठे आहेत? कोण कोण आलं होतं?"

एवढा समुद्र ओलांडून आले ती द.भाऊंच्याच दुकानात. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले.

२२ ऑक्टोबर १९९९, लेस्टर

पीएच.डी.चं पक्कं! विषय: ओतूर-मंचरकडच्या बातम्यांतली 'उपस्थित होते'ची यादी. प्राध्यापकबाई म्हणाल्या, असल्या याद्या वाचतं कोण? म्हटलं, ज्यांची नावं असतात ते, आणि ज्यांची नसतात तेही. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं.

मी काय अनुभवातून बोलले ते त्यांना सांगितलं नाही. ते काही संशोधन नाही.

६ ऑक्टोबर २००१, लेस्टर

द.भाऊंकडून पेपरांचा गठ्ठा आला. अभ्यासासाठी ते पाठवत असतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाल पेन घेऊन उपस्थितांवर खुणा करत बसते. य. म्हणतो, बापावर गेलीस.

ऑगस्टच्या शेवटचा अंक. बाईच्या अठाईची बातमी. पर्युषणात तिने आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, हे संजूने फोनवर सांगितलं होतं. सांगता, पारणं, मिरवणूक, सगळं ठरल्यासारखं. मग 'यावेळी'. नावं, नावं, नावं. आणि मग:

'कन्या सरोज, जावई यशवंत हे उपस्थित होते.'

पेन खाली ठेवलं. मी त्या दिवशी इथे विद्यापीठाच्या लायब्ररीत होते.

पहिला आला तो राग. इथे मी मुलांना शिकवते, जे पाहिलं नाही ते लिहू नका. मग भीती. बापूजींनी वाचलं असणार. पेन्सिल घेऊन. 'जावई' हा शब्द, माझं नाव, घरच्या बातमीत. ज्याची बंदी, नेमकं तेच. म्हणजे टोपी. म्हणजे खुलासा. 'सदर कन्या उपस्थित नव्हती व तिचा आमच्या कुटुंबाशी...' मनातल्या मनात पूर्ण मजकूर तयार झाला, चौकटीसकट.

पुढचे अंक एकेक करून चाळले. 

खुलासा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. गठ्ठा संपला तरी नाही.

७ ऑक्टोबर

द.भाऊंच्या दुकानात आता फोन आहे. लावला.

"भाऊ, मी पारण्याला नव्हते."

"ठाव हाये की."

"मग छापलं कसं?"

"आवं, पारन्याच्या बातमीत लेक-जावई असत्यातच. हाताला सवय, ओळ निघून गेली. पाकीट गाडीला दिल्यावर ध्यानात आलं. मोटारसायकल दामटली आळ्यापतुर. गाडी गेली व्हती."

"आणि बापूजी?"

"त्येच तर ना! दुसऱ्या दिशी सकाळपास्नं मी पंप खाली ठिऊन बसलो. टोपी काय आली न्हाई. परवाच्याला बी न्हाई. मंग मला लई भ्या वाटाया लागलं, म्हनलं मानूस आजारी-बिजारी हाये का काय. गेलो दुकानावर. तर ठनठनीत! पेपर पुढ्यात, पेन्सिल कानावर. मला म्हनले, दत्तूभाऊ, च्या घेनार का?"

 य. घरी आला, त्याला धड सांगताही येईना. खुलासा न आल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

तरी ठेवता ठेवता भाऊंना बजावलं, पुन्हा असं करायचं नाही. मी आले तर लिहा, नाही आले तर माझं नाव नाही. तुम्ही माझ्या प्रबंधात आहात, लक्षात ठेवा. "बरं बाई," म्हणाले, "तुमचं नाव मी डोळ्यांनी बघितल्याबिगर लिहिनार न्हाई."

हे काम बरं केलं.

११ जानेवारी २००२, मंचर

काल ओतूरला गेलो. गेलो! लिहून बघते, खरं वाटावं म्हणून.

संजू घ्यायला आला होता. आम्ही सुट्टीवर आल्याचं घरी कळलं, तेव्हा बापूजी एवढंच बोलले, "पेपरात तर येऊन गेली की." आता याचा अर्थ 'ये' असा होतो की 'एकदा आली तेवढं पुरे' असा होतो, यावर मंचरच्या ओट्यावर आमचं बरंच चर्वितचर्वण झालं. सासूबाईंनी निकाल दिला, "न्हाई म्हनले का? मग जायचं."

दुकान तसंच. बापूजी गादीवर, कापड फाडत होते. य.ला म्हणाले, "या. बसा. मंचरला थंडी हाये का?" माझ्याकडे पाहिलं नाही. मी हातभर अंतरावर उभी. मग संजूला, "तिला इचार, च्या का दूध." संजू माझ्याकडे वळला. "ताई, चहा का दूध?" मी संजूला म्हटलं, चहा. संजू बापूजींना म्हणाला, चहा. बापूजी म्हणाले, "बरं."

इतका हसण्यासारखा प्रकार, पण कोणी हसलं नाही. आत बाईने मला धरलं ते सोडेचना.

येताना एसटीत य. म्हणाला, तुझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. म्हटलं, चहा दिला ना. मी एवढ्याने तृप्त, खरंच. पण बोलतील का कधी? ते आज नको विचारायला.

१९ जून २००३, लेस्टर

पास! तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांना बाराची गाडी आणि पाकीट हा भाग फार आवडला. सप्टेंबरपासून विद्यापीठात कायमची नोकरी, व्हिसाचा घोरही मिटला. दर वर्षी त्या कागदांसाठी जीव टांगणीला. हुश्श.

ओतूरला फोन. संजूने उचलला, मागून बापूजींचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "इचार तिला, डाक्टर म्हंजे सुई मारनारी का दुसरी?"

"दुसरी," मी संजूला म्हटलं.

"दुसरी," संजू.

 मग, "बरंय. सुई वंगाळच."

१६ डिसेंबर २००५, मंचर

परवा बापूजींची पंचाहत्तरी. ओतूरला मंगल कार्यालय घेतलंय. पत्रिकेत माझं नाव नाही. संजू कान खाजवत म्हणाला, "ताई, बापूजी नको म्हणाले नाहीत. घाल असंही म्हणाले नाहीत. मग आम्हीच नाही घातलं." म्हणजे बापूजींपेक्षा त्यांची भीतीच घर चालवतेय.

असो. बोलावलंय, जाणार. य.ला ताप, तो इथेच. मी एकटी. पत्रिकेत नसले तरी माणूस कार्यालयात मावतं.

१८ डिसेंबर, ओतूर

काय दिवस गेला.

आळेफाट्याहून ओतूरची गाडी वेळेवर निघाली. पिंपरी पेंढारपाशी रस्ता बंद. माणसंच माणसं, झाडांवरसुद्धा. उसाच्या कडेच्या विहिरीत बिबट्या पडलेला. वनखात्याची माणसं पिंजरा आणतायत. कंडक्टर म्हणाला, आता तासभर तरी विसरा. मी उतरले. नुसतं एक मिनिट बघते म्हणून. नवी साडी नेसून, चिखलातून, विहिरीकडे. वार्ताहराची खोड जित्याची.

बिबट्या खाली फळीला धरून, भिजलेला, वर बघत होता. सगळा तालुका त्याच्याकडे आणि तो सगळ्यांकडे. आणि काठावर पोटावर पालथे पडून फोटो काढतायत कोण, तर द.भाऊ!

"भाऊ, तुम्ही बापूजींच्या कार्यक्रमाला हवेत ना?"

"त्याची बातमी मघाशीच गाडीला दिली की, ताई. लई झ्याक कार्यक्रम झाला."

"अजून सुरू नाही झाला!"

"व्हईल की."

मग मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "माझं नाव?"

द.भाऊ उठून बसले, ढोपरं झटकली. "तुमीच बजावलं व्हतं. डोळ्यांनी बघितल्याबिगर लिहायचं न्हाई. पत्रिकेत बी न्हाई. म्हनलं, आता तरी ताईचा शब्द मोडायचा न्हाई."

 माझं प्रामाणिकपण माझ्याच डोक्यावर येऊन बसलं होतं. फोन करून घाला म्हणू? नाहीच म्हटलं.

द.भाऊंनीच मोटारसायकलवरून बांधावरून काढून ओतूरला पोचवलं, आणि बिबट्यासाठी परत पळाले. कार्यालयात बघते तर काही सुरूच नाही. प्रमुख पाहुणे पिंपरी पेंढारच्या पलीकडे बिबट्याच्या गर्दीत अडकलेले. कितीदा त्या जनावराला मनात हात जोडले. पाहुणे वाटेतूनच परत गेले, आणि मग बापूजीच म्हणाले, "चला, उरका."

पंच्याहत्तर दिव्यांचं तबक. सुना, भाच्या ओवाळून झाल्या. बाईने माझ्या हातात तबक दिलं.  मी पुढे गेले. बापूजींनी टोपी काढली, कपाळ पुढे केलं. मी टिळा लावला. दिव्यांच्या पलीकडे त्यांची नजर माझ्या साडीच्या काठावर, चिखलावर होती. बोलले काही नाही. पण टोपी घालताना हात जरा चुकला.

एवढ्यावर मी आयुष्य काढीन. खरंच काढीन.

१९ डिसेंबर, ओतूर

बाई म्हणाली, राहा आज. राहिले. स्वतःच्या घरी, इतक्या वर्षांनी. गाढ झोपले.

सकाळी पेपर आला. बापूजी दुकानाच्या ओट्यावर, मी आत बाईसोबत मेथी निवडत. कान बाहेर. बातमी मोठी आली होती, फोटोशिवाय. प्रमुख पाहुण्यांनी 'मोलाचे मार्गदर्शन केले'. मुंबईचे आजारी फुफाजी उपस्थित. पुण्यातले दोघे, जे आलेच नाहीत, उपस्थित. मी वरून खाली बोट फिरवत नंतर वाचलं. आलेले-न आलेले सगळे होते. मी नव्हते.

बाहेर पेन्सिल एका जागी थांबल्याचं संजूने पाहिलं म्हणे. मग खुंटीवरची टोपी.

"बापूजी, कुठं?" संजू.

 निघाले. बाईने माझ्या हातातली मेथी काढून घेतली. "जा मागं. पडतील-बिडतील." पडायला काय झालंय, दुडक्या चालीनं निघाले होते. मी आणि संजू मागे.

द.भाऊंनी टोपी पाहिली आणि पंप खाली ठेवला.

"दत्तूभाऊ, ह्ये काय छापलंय?"

"काय राह्यलं का, बापूजी?"

"राह्यलं का? माझी लेक विलायतेवरनं आली. सगळ्या गावादेखत मला ओवाळलं. आन तुमच्या पेपरात जो आलाच न्हाई त्याचं भाषन हाये, आन तिचं नाव न्हाई? ही काय रीत झाली?"

'माझी लेक.' मी सायकलच्या चाकांआड उभी होते. चाक धरलं.

द.भाऊ बिचारे माझ्याकडे बघायला लागले. "आवं बापूजी, ताईच म्हनल्या व्हत्या..."

"ती काय म्हनली ते मला सांगू नका. मी काय म्हनतो ते लिहा. खुलासा पायजे. उद्याच्या उद्या."

"लिहितो की. बसा. कागद कुटं गेला..."

द.भाऊ वंगणानं काळे झालेले हात पुसायला फडकं शोधू लागले. बापूजींनी त्या हातांकडे पाहिलं. मग वळले. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे, मध्ये संजू नाही.

"तू लिही," म्हणाले. "डाक्टर झाली ना? मग नीट लिही."

संजूने सवयीनं माझ्याकडे वळून तोंड उघडलं होतं, 'ताई, बापूजी म्हणतायत...' बापूजींनी त्याला हातानं थांबवलं.

स्टुलावर बसून लिहिलं. किती खुलासे तपासलेत मी, किती मुलांना शिकवलेत, आणि या तीन ओळी कितीदा खोडल्या. 'कन्या डॉ. सरोज या उपस्थित होत्या.' बापूजींनी वाचलं, पेन्सिल काढली. वाटलं, आता काय? त्यांनी 'कन्या'च्या आधी 'थोरली' घातलं. आणि शेवटी 'जावई यशवंत' लिहिलं.

म्हटलं, बापूजी, ते नव्हते. त्यांना ताप होता.

माझ्याशी बोलायची सवय मोडलेली. पेन्सिल आधी माझ्यापुढे केली. "मग लिही," म्हणाले, "जावई तापामुळं येऊ शकले न्हाईत. खोटं नको."

पाकीट बाराच्या गाडीला मी दिलं. ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

२० डिसेंबर

पेपर अजून आला नाही. आळेफाट्याकडे रस्त्याचं काम, गाड्या उशिरा. खुलासा आला असेल की बिबट्याने जागा खाल्ली असेल, देव जाणे. द.भाऊ म्हणाले, कचेरीत कोन कधी काय कापील, नेम न्हाई.

बापूजी ओट्यावर बसलेत. पेन्सिल कानावर. टोपी आत्तापासूनच डोक्यावर.